कोष्टक-अभाव, डेटाबेसमधील

व्यावसायिक आज्ञावलीने मागितलेले एखादे कोष्टक डेटाबेस व्यवस्थापन प्रणालीस सापडले नाही, म्हणजे जो दोष उद्भवतो त्यास कोष्टक-अभाव असे म्हणता येईल. कोष्टक म्हणजे स्तंभ व ओळी यांच्या रूपाने साठविलेला एकजातीय माहितीचा संच होय, उदा., कर्मचाऱ्यांची यादी, खातेदारांच्या शिलका, मालाची आवक-जावक. संगणकक्षेत्रात यास ‘टेबल’ असेच सर्रास म्हणतात. वेतन, हिशेब, विमा, बँक व कोठारव्यवस्था यांच्या आज्ञावल्यांत अशी शेकडो, तर मोठ्या उद्योगांच्या प्रणालींत हजारो कोष्टके असतात. त्यांपैकी एक जरी न सापडले, तरी त्यावर अवलंबून असलेला व्यवहार तेथेच थांबतो. ‘कोष्टक अस्तित्वात नाही’ हा संदेश वाचणाऱ्यास माहिती नष्ट झाली असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात पुष्कळदा कोष्टक जागेवरच असते आणि ते शोधणाराच चुकीच्या ठिकाणी, चुकीच्या नावाने किंवा अधिकाराविना शोधत असतो. या दोषाचा इतिहास हा म्हणूनच माहिती आणि तिचे नाव यांमधील संबंधाचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : डेटाबेस ही संकल्पना रूढ होण्यापूर्वी माहिती छिद्रित पत्रांच्या गठ्ठ्यांत व पुढे चुंबकीय फितींवर ठेवीत. फीत सापडत नाही, याचा अर्थ त्या काळी शब्दशः ती कपाटात नाही किंवा यंत्रावर दुसरीच चढविली गेली आहे, असा होई. त्यामुळे फितीच्या आरंभी तिची ओळख नोंदविण्याची पद्धत पडली व यंत्र ती ओळख तपासून पाहू लागले. १९६४ मध्ये आयबीएम कंपनीने घोषित केलेल्या सिस्टिम/३६० या संगणकमालेच्या परिचालन प्रणालीत फायलींची सूची ठेवण्याची सोय होती. आज्ञावलीत वापरलेले फाइलचे अंतर्गत नाव आणि तबकडीवरील अथवा फितीवरील खरी फाइल यांची सांगड कार्यनियंत्रण भाषेतील स्वतंत्र विधानाने घातली जाई. ही सांगड चुकली, की काम सुरू होण्यापूर्वीच ‘माहितीसंच सापडला नाही’ असा संदेश छापला जाई. आजच्या कोष्टक-अभावाचा हा थेट पूर्वज होय.

याच दशकात डेटाबेस व्यवस्थापन प्रणालींचा उदय झाला. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चार्ल्स बाकमन यांनी जालरूप रचनेची प्रणाली तयार केली. या कार्याबद्दल त्यांना १९७३ मध्ये ट्युरिंग पारितोषिक मिळाले. अमेरिकेच्या अपोलो चांद्रमोहिमेतील सुट्या भागांची प्रचंड यादी सांभाळण्याच्या गरजेतून आयबीएमची आयएमएस ही श्रेणीबद्ध प्रणाली १९६८ मध्ये कार्यान्वित झाली. या दोन्ही प्रकारांत आज्ञावलीला माहितीपर्यंत जाण्याचा मार्ग पायरीपायरीने सांगावा लागे आणि माहितीच्या रचनेचे वर्णन आधी तयार करून आज्ञावलीशी जोडावे लागे. वर्णन व आज्ञावली यांतील विसंगती त्यामुळे पुष्कळशी आज्ञावली सिद्ध करण्याच्या टप्प्यावरच उघड होई. मात्र रचनेत थोडा बदल केला तरी अनेक आज्ञावल्या पुन्हा लिहाव्या लागत, ही या पद्धतीची मोठी उणीव होती.

संबंधात्मक प्रतिमान : ही उणीव दूर करण्याचा मार्ग आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील गणितज्ञ एडगर फ्रँक कॉड (१९२३–२००३) यांनी जून १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविला. माहिती केवळ कोष्टकांच्या रूपाने मांडावी, तिच्या साठवणीचा क्रम, निर्देशिका व तिच्यापर्यंत पोहोचण्याचे मार्ग यांचा आज्ञावलीस पत्ताही असू नये, असा त्यांचा आग्रह होता. याला माहितीचे स्वातंत्र्य म्हणतात. कॉड यांना १९८१ मध्ये ट्युरिंग पारितोषिक देण्यात आले.

या स्वातंत्र्याचा एक परिणाम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. आज्ञावली आणि माहिती यांना जोडणारे इतर सर्व धागे तुटले आणि नाव हा एकच धागा उरला. कोष्टकाचे व त्याच्या स्तंभांचे नाव ठाऊक असले की पुरे. परंतु ते नाव चुकले तर दुसरा कोणताही मार्ग उरत नाही. कोष्टक-अभाव हे एका मोठ्या सोयीसाठी मोजावे लागणारे मोल आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

कॉड यांच्या कल्पनेस मूर्त रूप देणारे दोन प्रमुख प्रकल्प १९७०–८० या दशकात झाले : आयबीएमचा सिस्टिम आर व कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेतील मायकेल स्टोनब्रेकर व युजीन वाँग यांचा इंग्रेस. सिस्टिम आर प्रकल्पासाठी डॉनल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी रचलेल्या प्रश्नभाषेतून आजची एसक्यूएल ही भाषा विकसित झाली. सिस्टिम आरमध्ये आज्ञावलीतील प्रश्नांचे आधीच यंत्रभाषेत रूपांतर करून ठेवीत. एखादी निर्देशिका काढून टाकली, तर प्रणाली ते रूपांतर रद्द ठरवून पुढील वापराच्या वेळी नवे तयार करी. निर्देशिकेचा अभाव असा आपोआप भरून निघे. कोष्टकाचा अभाव मात्र भरून काढणे प्रणालीच्या हाती नव्हते व आजही नाही. निर्देशिका ही माहितीवरून पुन्हा बांधता येते, तर कोष्टक हीच मूळ माहिती असते.

एसक्यूएलवर आधारित पहिली विक्रीयोग्य प्रणाली १९७९ मध्ये ओरॅकल या नावाने बाजारात आली. आयबीएमची डीबी२ ही प्रणाली १९८३ मध्ये आली. एसक्यूएलला अमेरिकेत १९८६ मध्ये व आंतरराष्ट्रीय पातळीवर १९८७ मध्ये प्रमाणभाषेची मान्यता मिळाली.

सूची : प्रत्येक प्रणालीत कोणती कोष्टके आहेत, ती कोणाच्या मालकीची आहेत व त्यांत कोणते स्तंभ आहेत याची नोंद एका सूचीत असते. ही सूचीदेखील कोष्टकांच्याच स्वरूपात असावी व सामान्य माहितीप्रमाणेच तिलाही प्रश्न विचारता यावेत, ही कल्पना सिस्टिम आरमध्ये अमलात आली होती. १९८५ मध्ये कॉड यांनी संबंधात्मक प्रणालीच्या कसोट्या सांगितल्या, त्यांत चौथ्या नियमाने हीच अपेक्षा व्यक्त केली आहे. १९९२ च्या एसक्यूएल प्रमाणात सूचीचे एक समान बाह्यरूप ठरविण्यात आले. तथापि सर्व प्रणालींनी ते स्वीकारले नाही, उदा., ओरॅकलने आपली स्वतंत्र सूचीकोष्टकेच कायम ठेवली.

‘कोष्टक अस्तित्वात नाही’ या विधानाचा नेमका अर्थ ‘या वापरकर्त्यास या क्षणी दिसणाऱ्या सूचीत हे नाव नाही’ एवढाच असतो. तबकडीवर माहिती असूनही सूचीत तिची नोंद नसू शकते आणि उलट, सूचीत नोंद असूनही तबकडीवरील माहिती हरवलेली असू शकते. याचे ठळक उदाहरण मायएसक्यूएल या प्रणालीत आढळते. तीत दीर्घकाळ प्रत्येक कोष्टकाचे वर्णन एका स्वतंत्र फाइलमध्ये असे व इनोडीबी हे साठवण-यंत्र आपली दुसरी सूची वेगळी ठेवी. कोष्टकांच्या फायली एका संगणकावरून दुसऱ्यावर नुसत्या उतरवून घेतल्या व इनोडीबीची सामाईक फाइल मागे राहिली, तर कोष्टकांच्या यादीत नाव दिसे, पण ते उघडू जाता कोष्टक नसल्याचा दोषसंदेश येई. २०१८ मध्ये प्रसृत झालेल्या ८.० या आवृत्तीत दोन सूच्या रद्द करून एकच सुरक्षित सूची आणण्यात आली, तेव्हा ही दुविधा मुळातून दूर झाली.

दोषसंदेश : एकाच दोषाला निरनिराळ्या प्रणालींनी निरनिराळे कूटांक दिले आहेत. ओरॅकलमध्ये तो ओआरए–००९४२, डीबी२ मध्ये उणे २०४, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०८ व मायएसक्यूएलमध्ये ११४६ असा आहे. १९९२ च्या प्रमाणाने पाच अक्षरांकांचा समान स्थितिकूटांक सुरू केला व त्यातील ‘४२’ हा वर्ग ‘वाक्यरचनेतील चूक किंवा प्रवेशनियमाचा भंग’ यांसाठी राखला. प्रत्यक्षात मायएसक्यूएल ४२एस०२, पोस्टग्रेएसक्यूएल ४२पी०१ आणि डीबी२ ४२७०४ हा कूटांक देते. म्हणजे वर्ग एक असला तरी उपवर्ग भिन्नच राहिले.

चुकीचे नाव व नाकारलेला अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी एका वर्गात येण्यामागे एक विचार आहे. ओरॅकलचा संदेश कोष्टक नसताना जो येतो तोच, कोष्टक असून ते पाहण्याचा अधिकार नसतानाही येतो. अनधिकृत व्यक्तीस ‘कोष्टक आहे, पण तुम्हांस परवानगी नाही’ असे सांगणे म्हणजे कोष्टकाच्या अस्तित्वाची माहिती देणेच होय. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्य असले, तरी दोष शोधणाऱ्यास ते अडचणीचे ठरते. त्यातच या संदेशात कित्येक दशके कोष्टकाचे नावही नसे. लांबलचक प्रश्नात दहा कोष्टके असली तर न सापडलेले कोणते, हे एकेक करून पाहावे लागे. २३एआय या आवृत्तीपासून संदेशात नाव देण्यास सुरुवात झाली आहे.

कारणे : कोष्टक-अभावाची कारणे पाच गटांत मांडता येतात.

(१) नावातील भेद : अवतरणचिन्हांविना लिहिलेले नाव एसक्यूएल प्रमाणानुसार मोठ्या रोमन अक्षरांत बदलले जाते. ओरॅकल व डीबी२ हा नियम पाळतात. पोस्टग्रेएसक्यूएल ते लहान अक्षरांत बदलते. मायएसक्यूएलमध्ये कोष्टक म्हणजे तबकडीवरील फाइल असल्याने अक्षरभेद परिचालन प्रणालीच्या स्वभावावर अवलंबून राहिला. विंडोजवर लहान-मोठ्या अक्षरांत भेद मानला जात नाही, लिनक्सवर तो मानला जातो. विकसकाच्या विंडोज संगणकावर निर्वेधपणे चालणारी आज्ञावली लिनक्स सर्व्हरवर नेताच कोष्टके ‘नाहीशी’ होतात, ती यामुळे.

(२) परिसरातील भेद : एकाच सर्व्हरवर अनेक डेटाबेस व एका डेटाबेसमध्ये अनेक स्कीमा असू शकतात. चाचणीसाठीचा, प्रशिक्षणासाठीचा व प्रत्यक्ष कामकाजाचा डेटाबेस यांची नावे सारखीच असतात आणि जोडणीच्या तपशिलातील एका शब्दाने आज्ञावली भलत्याच ठिकाणी पोहोचते. तात्पुरती कोष्टके त्या जोडणीपुरतीच जिवंत असतात. जोडणी बदलली की तीही दिसेनाशी होतात.

(३) अधिकारातील भेद : कोष्टक अस्तित्वात असते, परंतु नव्या वापरकर्त्यास ते वाचण्याचा अधिकार किंवा स्कीमाचा उल्लेख टाळण्यासाठी लागणारे पर्यायी नाव दिलेले नसते.

(४) आवृत्तीतील भेद : आज्ञावली नव्या आवृत्तीची व डेटाबेस जुन्या रचनेचा, अशी स्थिती अद्ययावतीकरण अर्धवट राहिल्यास उद्भवते. यावर उपाय म्हणून रचनेतील प्रत्येक बदल क्रमांक देऊन आज्ञावलीसोबतच जतन करण्याची मायग्रेशन ही पद्धत रूढ झाली. रूबी ऑन रेल्स या चौकटीने २००५ च्या सुमारास ती लोकप्रिय केली. पायथन भाषेतील जँगो चौकटीत ती २०१४ मध्ये अंगभूत झाली. कोणते बदल लागू झाले याची नोंदही एका कोष्टकातच ठेवतात. ती नोंद व प्रत्यक्ष रचना यांत तफावत पडली, तर बदल ‘झाला’ अशी नोंद असूनही कोष्टक नसते.

(५) प्रत्यक्ष लोप : कोष्टक खरोखरच काढून टाकले गेलेले असते किंवा साठवण बिघडलेली असते. हा लोप चुकून घडतो, तसा हेतुपुरस्सरही घडविला जातो. वापरकर्त्याने भरलेल्या मजकुरातून डेटाबेसला आज्ञा देण्याच्या हल्ल्याची पद्धत १९९८ मध्ये जाहीरपणे वर्णिली गेली. ज्या मुलाच्या नावातच विद्यार्थ्यांचे कोष्टक पुसण्याची आज्ञा दडलेली आहे, त्याचे रँडल मन्रो यांनी २००७ मध्ये काढलेले व्यंगचित्र या विषयाच्या अध्यापनात आवर्जून दाखविले जाते.

लघुसंगणक व भारतीय अनुभव : १९८० नंतर लहान संगणकांवर डीबेस व पुढे फॉक्सप्रो या प्रणालींचा प्रसार झाला. भारतातील लहान उद्योग, कारखाने व संस्था यांच्या हिशेबाच्या आज्ञावल्या फार मोठ्या प्रमाणावर यांत लिहिल्या गेल्या. या प्रणालींत एक कोष्टक म्हणजे एक फाइल, असा सरळ हिशेब होता. मध्यवर्ती सूची सक्तीची नसल्याने चुकीच्या निर्देशिकेत उभे राहून आज्ञावली चालविली, फाइलचे नाव बदलले किंवा जागा मोकळी करण्यासाठी कोणी फाइल पुसली, की फाइल अस्तित्वात नसल्याचा संदेश येई. दोष समजण्यास सोपा होता आणि लवचिक तबकडीवरील कालची प्रत उतरवून तो सहसा दूर करता येई. डॉ. चक्रवर्ती रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांच्या शाखांत संगणक येऊ लागले. प्रारंभी प्रत्येक शाखेची माहिती शाखेतच असे. तीतील बिघाड त्या शाखेपुरता मर्यादित राही. पुढे सर्व शाखांची खाती एका केंद्रीय डेटाबेसमध्ये आली, तेव्हा व्यवहार सुलभ झाला, पण एका कोष्टकाच्या अभावाची झळ सर्व खातेदारांना पोहोचण्याची शक्यताही निर्माण झाली. या विषयाच्या अध्यापनात महाराष्ट्राचा लक्षणीय वाटा आहे : जगभर अभ्यासल्या जाणाऱ्या ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्‌स’ या पाठ्यपुस्तकाचे तिसऱ्या आवृत्तीपासूनचे सहलेखक एस. सुदर्शन हे मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत प्राध्यापक आहेत.

मोठ्या व्यवसाय-प्रणाली : जर्मनीतील सॅप कंपनीच्या १९९२ मधील आर/३ या प्रणालीने डेटाबेसच्या सूचीवर स्वतःचा आणखी एक कोश ठेवला. या कोशातील काही कोष्टके डेटाबेसमध्ये जशीच्या तशी असत, तर काहींचे अनेकांचे मिळून एकच भौतिक कोष्टक केलेले असे. उदा., हिशेबाच्या नोंदींचे बीसेग हे कोष्टक प्रत्यक्षात आरएफबीएलजी या समूह-कोष्टकात साठविले जाई. बीसेग हे नाव घेऊन थेट डेटाबेसमध्ये शोधणाऱ्यास ते सापडत नसे, यात नवल नाही. दोन्ही सूच्यांची तुलना करून ‘कोशात आहेत, पण डेटाबेसमध्ये नाहीत’ अशा कोष्टकांची यादी देणारे साधन या प्रणालीत मुद्दाम पुरविलेले होते.

शोधपद्धती : अनुभवी व्यवस्थापक ठराविक क्रमाने शोध घेतात. प्रथम संपूर्ण संदेश, कूटांक व वेळ टिपून ठेवतात. त्यानंतर आज्ञावली कोणत्या सर्व्हरवर, कोणत्या डेटाबेसमध्ये व कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने शिरली आहे, हे डेटाबेसलाच विचारून पाहतात. जोडणीच्या फाइलमध्ये काय लिहिले आहे यावर विसंबत नाहीत. तिसऱ्या टप्प्यात अधिक अधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या नावाने सूचीत अक्षरभेद न मानता शोध घेतात. कोष्टक दुसऱ्या स्कीमात आढळले तर प्रश्न परिसराचा, केवळ अक्षरांत फरक आढळला तर नावाचा आणि जसेच्या तसे आढळले तर अधिकाराचा ठरतो. कोठेच आढळले नाही, तर मायग्रेशनची नोंद तपासतात व दोष केव्हापासून येतो, त्या वेळी कोणता बदल झाला, याची चौकशी करतात. साठवणीच्या बिघाडाचा विचार शेवटी करतात. मात्र त्याची शंका येताच प्रणालीतील लेखन थांबवून आहे त्या स्थितीची प्रत काढणे आवश्यक असते.

एक उपाय कटाक्षाने टाळावयाचा असतो, तो म्हणजे त्याच नावाचे रिकामे कोष्टक तयार करणे. त्याने संदेश तत्काळ थांबतो आणि म्हणूनच हा मोह मोठा असतो. परंतु कर्जकपातीचे कोष्टक रिकामे असल्यास वेतनाची आज्ञावली तक्रार न करता सर्वांचे वेतन कपातीविना काढील. मालाच्या शिलकीचे कोष्टक रिकामे असल्यास भरलेले कोठार रिते दिसेल. कोष्टक नसताना प्रणाली थांबते. खोटे कोष्टक दिल्यास ती चालू राहते व चुकीचे आकडे खऱ्या हिशेबात मिसळतात. असा हिशेब मागाहून निस्तरणे मूळ दोषाहून कितीतरी कठीण असते.

पुनर्प्राप्ती : कोष्टक खरोखर पुसले गेल्यास काय करता येईल, हे प्रणालीवर अवलंबून असते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये कोष्टक पुसण्याची आज्ञाही व्यवहाराचा भाग असल्याने व्यवहार पक्का होईपर्यंत ती मागे घेता येते. ओरॅकल व मायएसक्यूएलमध्ये अशी आज्ञा स्वतःच व्यवहार पक्का करते. ओरॅकलने १०जी या आवृत्तीपासून पुसलेली कोष्टके काही काळ वेगळी ठेवून परत आणण्याची सोय केली आहे. अन्य सर्व प्रसंगी राखीव प्रत हाच आधार उरतो.

राखीव प्रत आहे असे मानणे व ती उतरवून पाहिलेली असणे यांतील अंतर गिटलॅब या सेवेच्या अनुभवाने जगासमोर आले. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरील डेटाबेसची निर्देशिका पुसली. नित्याच्या प्रती काढणारे साधन डेटाबेसच्या आवृत्तीशी न जुळणारे असल्याने त्या प्रती तयारच होत नव्हत्या आणि अपयशाची सूचना देणारे संदेशही पोहोचत नव्हते. सुमारे सहा तासांपूर्वी अन्य कारणासाठी घेतलेली प्रत हाती होती म्हणून बचाव झाला. त्या सहा तासांतील नोंदी मात्र गेल्या. संस्थेने ही सर्व हकिकत दडवून न ठेवता प्रसिद्ध केली व तिचा उपयोग अनेकांना झाला.

महत्त्व : कोष्टक-अभाव हा संगणकीय दोषांपैकी प्रामाणिक दोष म्हणता येईल. तो लपून राहत नाही, चुकीचे उत्तर देत नाही आणि काम तेथल्या तेथे थांबवितो. मात्र आज्ञावली लिहिताना हा दोष गिळून टाकून ‘माहिती उपलब्ध नाही’ असा गुळगुळीत संदेश दाखविण्याची सवय आढळते; तीमुळे लाभार्थ्याचे नाव यादीत नाही आणि यादीच सापडत नाही या दोन अत्यंत भिन्न गोष्टी खिडकीपुढे उभ्या असलेल्या माणसास एकसारख्याच दिसतात. वेतन, निवृत्तिवेतन, शिधा व ठेवी यांचे व्यवहार डेटाबेसवर सोपविलेल्या समाजात हा भेद स्पष्ट राखणे तांत्रिक शिस्तीइतकेच सार्वजनिक न्यायाच्या दृष्टीनेही आवश्यक ठरते.